विश्लेषण : लॅब्रॅडॉर गरीब, रॉटवायलर रागीट... कुत्र्याच्या जातीवरून त्याचा स्वभाव ठरतो का?

पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेला, उजनीच्या पाण्याकाठी वसलेल्या पळसदेव, डाळज, भिगवण या पट्ट्यात शेतातल्या वस्तीवर राहणारी कुटुंबे बरीच आहेत. गोठा, ऊस, रात्रीचे पाणी आणि घरात लहान मुले असली की दारात कुत्रा लागतोच. पूर्वी तो गावठी असे. आता त्याच्या जागी किंवा त्याच्या जोडीला लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, पग अशी विकत आणलेली पिल्ले येऊ लागली आहेत. पिल्लू घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणत्या जातीचा कुत्रा स्वभावाने चांगला? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही, आणि ते चुकले तर किंमत घरातल्याच कुणाला तरी मोजावी लागते.

हा प्रश्न आता का महत्त्वाचा?

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात श्वानदंशाच्या सुमारे ३७ लाख १७ हजार घटनांची नोंद झाली. त्यात महाराष्ट्रातल्या घटना ४ लाख ८५ हजारांच्या घरात, म्हणजे इतर राज्यांच्या तुलनेत सर्वाधिक होत्या. भटक्या कुत्र्यांचा विषय २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश आला. २२ ऑगस्टला त्यात बदल होऊन नसबंदी व लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडण्यास मुभा मिळाली, मात्र रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री त्यातून वगळली. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारातील कुत्री हटवण्याचा आदेश झाला.

या सगळ्या चर्चेत पाळीव कुत्रा मागे राहिला. जुलै २०२२ मध्ये लखनऊत घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात ८२ वर्षांच्या महिलेचा मृत्यू झाला, तेव्हा ‘धोकादायक जाती’ हा शब्द घरोघर पोहोचला. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार चावा घेतल्या जाणाऱ्यांत मुलांचे प्रमाण सर्वाधिक असते आणि त्यांच्या डोक्याला, मानेला इजा होण्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो. कारण साधे आहे : कुत्र्याचे तोंड आणि मुलाचा चेहरा एकाच उंचीवर येतात.

जात म्हणजे नेमके काय?

पशुपालकाला हे वेगळे सांगायला नको. खिलार चपळ आणि तापट, डांगी मुसळधार पावसात टिकणारा. पिढ्यान् पिढ्या एका कामासाठी निवड केली की त्या कामाला लागणारे अंग आणि काही प्रमाणात वृत्ती वंशात उतरते. पण त्याच खिलाराच्या वेसणीला घरातले दहा वर्षांचे पोर धरते आणि तो मुकाट मागे येतो, हेही आपण पाहतो. जातीने कल मिळतो. वागणूक मात्र हाताळणीतून तयार होते.

कुत्र्यांचेही तसेच आहे. आज ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक परदेशी जाती गेल्या दीड-दोनशे वर्षांत आखीव स्वरूपात तयार झाल्या. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांसोबत पाण्यात उतरत आणि पुढे ब्रिटनमध्ये शिकारीत पडलेला पक्षी न फाडता आणून देत. जर्मन शेफर्ड मेंढ्या राखण्यासाठी होता. रॉटवायलर जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांची गुरे हाकत असे. डॉबरमन ही जात तर कर वसूल करणाऱ्या लुईस डॉबरमनने स्वतःच्या रक्षणासाठी तयार केली, असे सांगितले जाते. दाशहुंड बिळात शिरून बिज्जूशी झुंजण्यासाठी, बीगल वासावर ससा काढण्यासाठी, हस्की बर्फात गाडी ओढण्यासाठी. पिटबुलचे पूर्वज बैलांशी आणि नंतर कुत्र्यांच्या झुंजीत लढवले जात. यांपैकी ‘लहान मुलांसोबत घरात राहणे’ हे काम फार थोड्या जातींचे होते. पग त्यातला एक.

संशोधन काय सांगते?

या विषयावरचा मोठा अभ्यास एप्रिल २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. अमेरिकेतील संशोधकांनी १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून वागणुकीची माहिती घेतली आणि त्यांतील २,१५५ कुत्र्यांचा जनुकीय तपशील तपासला. निष्कर्ष असा, की दोन कुत्र्यांच्या वागण्यातला जो फरक दिसतो, त्यातला साधारण ९ टक्के भागच जातीने समजावता येतो. वस्तू उचलून आणणे, माणसाचे ऐकणे अशा कामाशी जोडलेल्या गुणांवर जातीचा ठसा तुलनेने जास्त होता. पण कुत्रा किती लवकर चिडतो, यावर तो फारच पुसट होता.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाने २०२१ मध्ये नऊ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांच्या उत्तरांवरून माणसावर गुरकावणे व चावणे यांचा अभ्यास केला. त्यात जातींमध्ये फरक दिसला, पण यादी अनेकांच्या समजुतीला धक्का देणारी होती. सर्वांत वर होता रफ कॉली, म्हणजे चित्रपटांतली प्रेमळ ‘लॅसी’ ज्या जातीची होती ती जात. सर्वांत खाली लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर. भित्रेपणा, वाढते वय, नर असणे आणि लहान आकार या गोष्टींचा आक्रमकतेशी संबंध आढळला. त्याआधी २००८ मधील अमेरिकी पाहणीतही दाशहुंड आणि चिवावा हे छोटे कुत्रे अनोळखी माणसांवर धावून जाण्यात पुढे होते.

मग लहान कुत्र्यांच्या बातम्या का होत नाहीत? पॉमेरियनने चावा घेतला तर घरचे हसून सोडून देतात. रॉटवायलरने घेतला तर रुग्णवाहिका बोलवावी लागते. म्हणजे कुत्र्याची जात आणि आकार चाव्याच्या शक्यतेपेक्षा चाव्याची किंमत जास्त सांगतात. घरात लहान मूल किंवा अंथरुणावरचे म्हातारे माणूस असेल, तर ही किंमत आधी मोजायला हवी.

कोणत्या जातीचा कल कसा?

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर : माणसांत रमणारे, शिकायला सोपे. म्हणूनच बरीच कुटुंबे त्यांच्यापासून सुरुवात करतात. पण लॅब्रॅडॉर वर्ष-दीड वर्षापर्यंत चपला, दोऱ्या, ठिबकच्या नळ्या चावत राहतो आणि खाण्याला ‘पुरे’ म्हणत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की अनेक लॅब्रॅडॉरमध्ये पोट भरल्याची जाणीव क्षीण करणारा जनुकीय दोष असतो. रोजची पळापळ नसेल तर तो दोन वर्षांत बेढब होतो. राखणीला मात्र त्याचा भरवसा धरू नये.

जर्मन शेफर्ड, डॉबरमन : हुशार, सावध, घरच्यांवर जीव टाकणारे. यांना रोज काम आणि शिस्त लागते. ते न मिळाल्यास ही सावधगिरी संशयात बदलते आणि दूध घालायला येणाऱ्यापासून मीटर वाचायला येणाऱ्यापर्यंत सगळे ‘चोर’ ठरतात. पळणाऱ्या मुलांना मेंढरांसारखे घेरण्याची, टाचेला तोंड लावण्याची सवय शेफर्डमध्ये दिसू शकते.

रॉटवायलर, पिटबुल व तत्सम जाती : सगळेच माथेफिरू नसतात. पण ताकद आणि जबड्याची पकड अशी, की एक चूकही जिवावर बेतते. पिटबुलमध्ये इतर कुत्र्यांशी झुंजण्याची ओढ जातीच्या इतिहासातूनच येते. कुत्रा पहिल्यांदाच पाळणाऱ्याने किंवा लहान मुले असलेल्या घराने यांच्यापासून दूर राहिलेले बरे.

पॉमेरियन : आपल्याकडे या नावाने जो पांढरा, झुबकेदार कुत्रा मिळतो तो बहुतेक वेळा ‘इंडियन स्पिट्झ’ असतो. ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने तो घराघरांत नेला. घंटेसारखा भुंकणारा, उष्णतेला सरावलेला, खर्चाला परवडणारा. पण ओढाताण सहन होत नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाने शेपूट ओढली की दात दाखवतो.

पग : जाहिरातीने लोकप्रिय केलेला, स्वभावाने शांत. पण चपट्या नाकामुळे त्याला धाप लागते. इंदापूर-बारामतीचा उन्हाळा चाळिशी गाठतो, तेव्हा दुपारी पत्र्याच्या सावलीत बांधलेला पग उष्माघाताने दगावू शकतो. हस्कीबद्दल वेगळे लिहायची गरज नाही.

बीगल, दाशहुंड : खेळकर, पण हट्टी. बीगल वासामागे निघाला की हाक ऐकत नाही. दाशहुंड आकाराने लहान असला तरी वृत्तीने शिकारी आहे.

आपल्या मातीतल्या जातींचे काय?

लातूर-मराठवाड्यातला कारवानी, लांब केसांचा पश्मी आणि कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ हाउंड ही एकाच धाटणीची कुत्री. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि इंग्लंडच्या राजाला जोडी भेट दिली. २००५ मध्ये मुधोळ हाउंडवर टपाल तिकीट निघाले, २०१६ मध्ये भारतीय लष्कराने चाचणीसाठी त्याची पिल्ले मेरठला नेली आणि २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. त्यानंतर मागणी वाढली.

हा कुत्रा नजरेने सावज हेरून पळत धरणारा आहे. घरात शांत, दिवसभर निजून राहणारा, उन्हाला काटक. पण परक्याने अंगाला हात लावलेला त्याला आवडत नाही. समोरून काही पळाले की मागे सुटतो, मग ते मांजर असो, शेजारच्याची कोंबडी असो की करडू. कुंपण नसलेल्या वस्तीवर ही गोष्ट शेजाऱ्याशी भांडण लावू शकते.

राहिला गावठी कुत्रा. खंडोबाच्या आणि दत्ताच्या पायाशी बसलेला हाच. त्याला जात नाही म्हणून त्याची किंमत कमी लेखली जाते. पण या हवामानात, या अन्नावर, या गोचिडांत टिकून राहण्याची निवड त्याच्यात हजारो वर्षे झाली आहे. मेंढपाळांच्या वाड्याभोवती रात्री जागणारा कुत्राही त्याच्याच गोतातला. तो परक्यावर संशय घेतो, हद्द सांभाळतो आणि घरच्या मुलांशी सहसा जुळवून घेतो. लहानपणापासून माणसांत वाढवलेले, लस दिलेले गावठी पिल्लू हा वस्तीवरच्या घरासाठी अनेकदा सर्वांत समंजस पर्याय ठरतो.

मग चावतो कोणता कुत्रा?

अमेरिकेत २००० ते २००९ या काळात कुत्र्याच्या हल्ल्यात झालेल्या २५६ मृत्यूंचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ८४ टक्के घटनांत कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती. ७६ टक्के घटनांत कुत्रा कुटुंबात मिसळलेला नव्हता, कुठेतरी बांधून किंवा कोंडून ठेवलेला होता. ८७ टक्के घटनांत मध्ये पडू शकेल असे धडधाकट माणूस जवळ नव्हते. आणि कुत्र्याची जात खात्रीने सांगता आली ती जेमतेम १८ टक्के घटनांत.

ही आकडेवारी परदेशातली असली तरी चित्र ओळखीचे आहे. राखणीला हवा म्हणून रॉटवायलरचे पिल्लू आणायचे, गोठ्याच्या खांबाला चार फुटांच्या साखळीने बांधायचे, ‘कडक’ व्हावा म्हणून कुणाला जवळ जाऊ द्यायचे नाही, आणि चुकून साखळी तुटली की ‘ही जातच वाईट’ म्हणायचे. बांधलेल्या कुत्र्याला पळून जाण्याची वाट नसते. भीती वाटली की त्याच्याकडे एकच उपाय उरतो. ऊसतोडीच्या हंगामात फडाजवळ कोप्या पडतात. त्या मुलांना कोणत्या वस्तीवरचा कुत्रा कसा आहे, हे माहीत नसते. साखळी तुटल्यावर पहिले सापडतात ते असे अनोळखी लोक.

गुरगुरण्यावर मारणे ही दुसरी चूक. गुरगुरणे म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना. मार देऊन ती बंद केली, तर तो पुढच्या वेळी सूचना न देता चावतो. अंग ताठ होणे, डोळ्यातला पांढरा भाग दिसणे, वारंवार ओठ चाटणे, तोंड फिरवणे ही त्याआधीची लक्षणे. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, हा समजही खरा नाही.

पिल्लू आणल्यावर कोणता काळ निर्णायक?

स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेली गोष्ट आजही कायम आहे. वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखते. या काळात त्याला मुले, म्हातारी माणसे, टोपीवाला, ट्रॅक्टरचा आवाज, गायी, कोंबड्या यांची शांतपणे ओळख झाली, तर पुढे तो त्यांना घाबरत नाही. या काळात पेटीत किंवा खोलीत कोंडलेले पिल्लू, मग ते कितीही महाग असो, भित्रे होते. आणि भित्रा कुत्राच जास्त चावतो.

त्यामुळे पिल्लू कुठून आणता, हे जातीइतकेच महत्त्वाचे. श्वान प्रजनन व विक्रीविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार व्यावसायिक प्रजनन करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. मोबाइलवर फोटो पाठवून, हायवेवर गाडीतून पिल्लू हातात देणाऱ्याकडून घेण्याऐवजी, पिल्लाची आई पाहायला मिळेल तिथून घ्यावे. आई माणसाला पाहून दबकत किंवा अंगावर येत असेल, तर परत फिरावे.

बंदी घालून प्रश्न सुटतो का?

केंद्रीय पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ रोजी पिटबुल, रॉटवायलर, कांगल, केन कोर्सो आदी २३ जातींची आयात, प्रजनन आणि विक्री थांबवण्याची सूचना राज्यांना दिली. आधीपासून पाळलेल्या कुत्र्यांची नसबंदी करण्यासही सांगितले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता हे परिपत्रक काढल्याचा आक्षेप मान्य होऊन त्याच वर्षी एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द ठरवले.

परदेशांचा अनुभव संमिश्र आहे. ब्रिटनने १९९१ मध्ये काही जातींवर निर्बंध आणले, तरी २०२३ च्या अखेरीस ‘एक्सएल बुली’ हा नवा प्रकार त्या यादीत घालावा लागला. नेदरलँड्सने पिटबुलवरील बंदी २००८ मध्ये मागे घेतली, कारण चाव्यांचे प्रमाण कमी झाले नव्हते. एका जातीवर बंदी आली की हौस दुसऱ्या जातीकडे वळते, हे यातून दिसते.

कायदा मालकाला मात्र सोडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कुत्रा देशी की परदेशी, हा प्रश्न तिथे येत नाही.

वस्तीवर कुत्रा पाळताना आणखी काय पाहावे?

रात्री कुत्रा कुठे असतो, हा या भागातला खास प्रश्न. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराच्या अभ्यासात, बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आढळला. उसाच्या कडेला साखळीने बांधलेला कुत्रा राखण करत नाही, बिबट्याला दाराशी बोलावतो. त्याला रात्री बंद जाळीत किंवा पडवीत घ्यावे. उलट, दिवसरात्र मोकळा सोडलेला कुत्रा माळावर जातो. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीसारख्या गवताळ माळांवर चिंकारा, लांडगे, खोकड आहेत. कुत्र्यांकडून त्यांना आजार लागतात आणि पुणे परिसरात लांडगा-कुत्रा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून २०२३ मध्ये स्पष्ट झाले आहे.

लस कोणत्याही जातीला चुकत नाही. तिसऱ्या महिन्यात रेबीजची पहिली लस आणि नंतर पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. चावा बसलाच, अगदी घरच्या लस दिलेल्या पिल्लाचा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा रुग्णालय गाठावे. हळद, चुना, मिरची, तंबाखू यांतले काहीही जखमेवर लावू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळपास अशक्य असते. वेळेवर पूर्ण घेतलेली लस मात्र त्याला वाचवते.

मुलांसाठी नियम थोडे आणि पक्के असावेत. खाणाऱ्या, झोपलेल्या, पिल्ले असलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही. परक्या कुत्र्याला मिठी मारायची नाही. अंगावर आला तर पळायचे नाही, हात अंगाशी धरून झाडासारखे उभे राहायचे. आणि सहा-सात वर्षांच्या आतले मूल व कुत्रा, मग तो कितीही ‘गरीब’ असो, मोठ्या माणसाविना एकत्र सोडायचे नाहीत.

पिल्लू घ्यायला निघण्यापूर्वी घरात बसून काही प्रश्नांची उत्तरे द्यावीत. त्याला रोज तासभर फिरवणार कोण? तो बांधलेला राहणार की माणसांत? पिसाळल्यासारखा भुंकू लागला तर आवरण्याची ताकद घरातल्या बाईमाणसात, म्हाताऱ्यात आहे का? लसीचा, नसबंदीचा, दहा-बारा वर्षांच्या खाण्याचा खर्च झेपणार का? ही उत्तरे मिळाली की कोणती जात घ्यायची, हा प्रश्न निम्मा सुटतो. ती मिळाली नाहीत, तर कोणतीही जात घेतली तरी ती चुकीचीच ठरण्याची शक्यता जास्त.